अंगारबुवाची निळी भुतं

"लोहासुरा, ओम फट्! सोड रं बाबा चाक, न्हाईतर कापीन तुझं नाक!"

असं किंचाळून अंगारबुवानं आपला बारीक टोकांचा त्रिशूळ साच्याच्या वाळूत खुपसला, आणि इस्लामपूरच्या ओतशाळेत जमलेल्या दोन-अडीचशे माणसांच्या अंगावर काटा आला. पोरं खांबांवर चढली होती. बायका पदराआडून बघत होत्या. बुवानं सात वेळा त्रिशूळ खुपसला आणि मग हात वर केला.

गुंडा मिस्त्रीनं वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्रिशूळानं पाडलेल्या भोकाभोकांतून निळ्या ज्वाळा भसाभसा वर आल्या.

"पळाली! निळी भुतं पळाली! मोजा रं, एकवीस!" बुवा नाचू लागला आणि माणसं सरळ वाळूत लोटांगण घालू लागली.

साल शेहेचाळीस. दिवाळी उरकली होती आणि गुऱ्हाळं सुरू व्हायच्या बेतात होती. उसाच्या चरकाची चाकं नानासोंच्या या ओतशाळेत ओतली जात. वाळूत साचा करायचा, त्यात लोखंडाचा रस ओतायचा, निवला की वाळू फोडून चाक काढायचं. पण श्रावणापासून प्रत्येक चाक आतून भोकाभोकांचं निघत होतं आणि चरकावर चढवलं की दोन दिवसांत मोडत होतं. शेतकरी शिव्या घालत होते. त्या दिवशी मात्र बुवाच्या साच्यातून चाक निघालं ते भरीव, ठणठणीत. आता बुवाच्या पायाला कोण हात लावणार नाही?

बुवाचं तेवढ्यानं भागलं नाही. "भुतं आपोआप येत न्हाईत," तो डोळे फिरवत म्हणाला. "कुनीतरी त्यास्नी पानी पाजतंय." आणि त्यानं बोट रोखलं ते हरणाबाईवर.

हरणाबाईचा नवरा ज्येष्ठात साप चावून गेला. श्रावणात नानासोंनी तिला वाळूवर पाणी मारायच्या कामाला घेतलं. चाकं बिघडली तीही श्रावणात. झालं, लोकांना तेवढा हिशेब पुरला. बुवानं निवाडा दिला, अमावास्येला दुपारी बाईनं तापल्या लोखंडावर हात ठेवायचा. निर्दोष असेल तर भाजणार नाही.

मॅट्रिक झालेले, चष्मा लावणारे नानासो यावर काय बोलले? त्यांनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं आणि "बरं" म्हणाले.

लेथवर उभा असलेला जैनुद्दीन हे सगळं ऐकत होता. त्याला किळस आली. बुवाची आलीच, पण "व्हय, व्हय" म्हणून माना डोलावणाऱ्यांची जास्त आली. यातल्या निम्म्या लोकांनी हरणाबाईच्या हातची भाकरी खाल्लेली होती. चार वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात काढून तो नुकताच गावी आला होता. तिथं त्यानं माणसं मरताना पाहिली, पण एका बाईचा हात भाजायला माणसं खुशीनं होकार देतात, हे पाहिलं नव्हतं.

त्याच्या नजरेतून दोन गोष्टी मात्र सुटल्या नव्हत्या. बुवाचा त्रिशूळ साच्यातल्या चाकाच्या पोकळीला कधीच टेकत नव्हता, दरवेळी बोटभर आधी थांबत होता. आणि लोक पाया पडताना बुवाच्या पावलांवर पांढरे गोल डाग दिसले होते.

संध्याकाळी तो हरणाबाईकडे गेला. ती चुलीपुढं बसली होती.

"जैनूभाऊ," तिनं विचारलं, "उजवा हात ठिवायचा का डावा? न्हाई, उजव्या हातानं भाकरी थापते मी."

जैनुद्दीन चुलीजवळ टेकला. हरणाबाईनं भरताचं वांगं घेतलं, सुरीच्या टोकानं चार ठिकाणी टोचलं आणि निखाऱ्यावर ठेवलं.

"हरणाक्का, वांगं टोचतीस कशाला?"

"असं काय इचारतोस? न टोचता ठिवलं तर फट्‌दिशी फुटतंय. आतल्या पान्याची वाफ हुती, तिला भाईर पडायला वाट नको व्हय?"

जैनुद्दीन वांग्याकडं बघत राहिला. टोचलेल्या जागी वाफ सूं सूं करत बाहेर पडत होती. तो उठला. "अक्का, तू कुठलाबी हात ठिवायचा न्हाई," एवढंच बोलून तो गेला.

अमावास्येला सकाळपासून गर्दी. आष्ट्याहून, शिराळ्याहून बैलगाड्या आल्या. एकजण तर नारळ घेऊन आला. भट्टीशेजारी हरणाबाईसाठी लोखंडाची पट्टी तापत ठेवली होती. जैनुद्दीन पुढं झाला.

"आवं नानासो, हात ठिवायच्या आधी चार चाकं वतू. वाळू हीच. पानी हरणाक्काच्या हातचं. रस एकाच भट्टीतला. दोन साच्यांवर बुवांनी पायजे तेवढं मंत्र म्हनावं, फकस्त त्रिशूळ लावायचा न्हाई. दोन साच्यांना मी हे लावतो." त्यानं खिशातून सायकलच्या चाकाची तार काढली. लोक खो खो हसले.

"मुसलमानाला आमच्या देवाचं काय कळतंय?" बुवा गरजला.

"मला देव नगं, चाक पायजे," हंबीरराव म्हणाले. त्यांचा दहा एकर ऊस उभा होता आणि ते पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले, त्यामुळं त्यांच्यापुढं कोणी बोलेना. "हू द्या."

बुवानं दोन साच्यांवर तोंड दुखेपर्यंत मंत्र म्हटले. बाकीच्या दोन साच्यांवर जैनुद्दीननं तारेनं एकवीस-एकवीस भोकं पाडली, तीही बोटभर आधी थांबून, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. रस ओतला. मंत्रांच्या साच्यांत तो खदखदला, तोंडातून उलटा उडाला. आणि तो उडायच्या आधीच बुवा चार पावलं मागं सरकला होता! तारेच्या साच्यांतून मात्र निळ्या ज्वाळा शांतपणे वर आल्या.

"भुतं सायकलच्या तारंलाबी भित्यात म्हनायची," कोणीतरी म्हणालं. या वेळी हसू बुवाच्या वाट्याला आलं.

दुपारी चाकं निवली. घण घातला. मंत्रांची दोन्ही चाकं आतून भोकंच भोकं. तारेचं एक फोडलं, ते भरीव. दुसरं हंबीररावांनी फोडू दिलं नाही, सरळ गाडीत ठेवलं.

"ऐका," जैनुद्दीन म्हणाला. "श्रावणात हरणाक्का आली, पर त्याच आठवड्यात नदीकाठची पिठावानी बारीक वाळूबी आली. ती ठासली की तिच्यातनं हवा जात न्हाई. रस पडला की पान्याची वाफ हुती, वाळूतल्या कोळशाच्या भुकटीचा ग्यास हुतो. त्यो साच्यात कोंडतो, दाब वाढतो, आनि दाबानं त्यो रसात घुसून भोकं पाडतो. टोचलं की भाईर पडतो. पेटला की निळा जाळ. हीच तुमची भुतं. हरणाक्का वांगं टोचती त्यातलाच ह्यो प्रकार."

मग तो बुवाकडं वळला. "आनि हे ह्यास्नी ठावं हुतं. मिस्त्री, तुमचं पाय दावा."

गुंडा मिस्त्रीनं आपल्या पावलांकडं पाहिलं, मग बुवाच्या. दोघांच्या पावलांवर तेच पांढरे गोल डाग होते, रस उडून भाजल्याचे. "आरं, ह्यो तर वतकामगार!" मिस्त्री ओरडला. "कुठल्या भट्टीवर हुतास रं?"

बुवा पावलं वाळूत लपवू लागला. माहीत असलेली साधी गोष्ट सांगून त्याला मजुरी मिळाली असती. त्यानं ती दडवली आणि वर एका बाईचा हात मागितला. जैनुद्दीनला त्याच्याकडं बघवेना.

तेवढ्यात गर्दी उसळली. "ह्यालाच धरायला लावा पट्टी! भाजा ह्याला!" तेच आवाज, तीच तोंडं. दोघांनी बुवाला तापल्या पट्टीकडं ओढलंही.

हरणाबाई उठली. तिनं वाळूला मारायच्या पाण्याची बादली उचलली आणि पट्टीवर ओतली. चर्र झालं, सगळीकडं वाफ झाली.

"ह्येचा हात भाजला असता, तसा माजाबी भाजला असता," ती म्हणाली. "लोखंडाला काय कळतंय, कोन खरं आनि कोन खोटं?"

गर्दी पांगू लागली. नारळ घेऊन आलेला माणूस नारळ घेऊन परत गेला. नानासो घसा खाकरत पुढं आले. "हरणाबाई, उद्यापासून कामावर या. झालं गेलं विसरा."

हरणाबाईनं रिकामी बादली खाली ठेवली.

"नानासो, तुमी शिकल्यालं. चार साचे वतून बघायला सकाळ गेली, दुपार गेली. माजा हात मागितला, त्या दिशी तुमी घड्याळ बघितलं. मग ही येक सकाळ आनि येक दुपार तवा का न्हाई काढली?"

नानासोंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला.