बसा, पाणी आणते

सुनेने वॉकर ओढत बाहेरच्या खोलीच्या मधोमध आणला, येणाऱ्याच्या पायात येईल असा.

“काही झालं तरी खुर्चीतून उठायचं नाही. ती तपासणीवाली बाई विचारेल, किती दुखतं? काय सांगायचं?”

“दुखतं थोडंफार.”

“थोडंफार नाही, आई! रात्रभर डोळा लागत नाही म्हणायचं. खोटं आहे का ते?”

“खोटं कुठंय.”

“मग?”

सासू खिडकीबाहेर बघू लागली. सकाळपासून हेच चाललं होतं, पालथ्या घड्यावर पाणी.

नव्या आरोग्य कायद्याने खुब्याचं ऑपरेशन सगळ्यांना फुकट केलं होतं, आणि डॉक्टर होते तेवढेच ठेवले होते. म्हणून मग गुण आले. जो जास्त लाचार त्याला जास्त गुण, त्याचा नंबर आधी. टीव्हीवर रोज संध्याकाळी एक जण याला न्याय म्हणे, दुसरा क्रूरपणा, आणि दोघांपैकी एकाचाही खुबा दुखत नव्हता. सुनेला त्या वादाशी देणंघेणं नव्हतं. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, एवढं तिला कळत होतं. आणि आपली सासू नाकावर माशी बसू द्यायची नाही, हेही.

बेल वाजली. तपासनीस बाई आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, तीन मजले चढून धाप लागलेली.

“या, या. किती दमलात हो! बसा, पाणी आणते,” मागून सासूचा आवाज आला.

सुनेने दार लावून वळून पाहिलं, तर सासू उभी. वॉकर बाजूला सारून ती स्वयंपाकघराकडे निघालीसुद्धा होती.

“आई, बसा! मी आणते ना!”

“बस गं तू. घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायला नको?”

ती ग्लास घेऊन आली. थेंब सांडला नाही. तपासनीस बाई घटाघटा पाणी प्यायल्या आणि टॅबवर खुणा करू लागल्या.

“अहो, बाथरूमलासुद्धा मी उचलून नेते यांना,” सून म्हणाली. “शपथ घेऊन सांगते.”

“सगळ्याच सुना सांगतात. मला दिसतं तेच भरावं लागतं.” बाईंनी रिकामा ग्लास जपून खाली ठेवला. “नंबर यायला दोनेक वर्षं लागतील. हिंडत्याफिरत्या आहेत, चांगलं आहे.”

त्या गेल्या आणि सुनेचा तोल सुटला.

“एका ग्लासापायी दोन वर्षं घालवलीत! घटकाभर तिच्यासमोर रडला असतात तर काय नाक कापलं जाणार होतं?”

सासू खुर्चीत टेकली होती. ओठ पांढरे पडले होते.

“ती आपली कोण, तिच्यासमोर रडायला?” ती म्हणाली. “तुझ्यासमोर रडतेच की रोज.”

सून आणखीच चिडली.

“आता उठव बाई मला. एकटीने जमायचं नाही.”

सुनेने तिच्या काखेत हात घालून तिला उचललं. सुनेच्याच कंबरेतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. ती क्षणभर तशीच थांबली.

“काय गं, दुखलं?”

“छे,” सून म्हणाली. “चला.”