पाच बाजूंचा बोल्ट

झरेबंदरच्या गटाराला एकूण बावीस तोंडं होती. सतरांवर बिडाची गोल झाकणं, पाच उघडी. उघड्यांपैकी एकात कोणीतरी खुणेला माडाचं झावळं खुपसलेलं, एकावर मासळीची मोडकी पाटी पालथी घातलेली आणि उरलेली तीन आ वासून पडलेली. झाकलेल्या सतरांतल्या दोन झाकणांना तडे गेलेले. लॉजच्या फाटकापासून खाडीच्या काठापर्यंत किशोरी एका सकाळी हे मोजत चालत गेली. काठावर पोचली तेव्हा तिची आई, राधाबाई, गुडघाभर पाण्यात वाकून वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढत होती.

“गो, बीएस्सी झालंस ती काय गटारां मोजूक?”

“आये, पाच झाकणां नाय आसत.”

“ता माका कित्याक सांगतंस? ह्या बग.” राधाबाईने ओंजळ पुढे केली. ओंजळीतल्या बहुतेक तिसऱ्या मेलेल्या, उघड्या पडलेल्या, आत काळा चिखल.

गटार बांधल्याला तीन वर्षं झाली होती. पर्यटनाच्या कुठल्याशा योजनेतून रस्त्याखाली पाइप घातले आणि लॉजकडच्या सखल जागेत साचणारं पावसाचं पाणी खाडीत जाऊ लागलं. तोवर ठीक होतं. पण २००७ च्या दिवाळीपासून लॉजमध्ये गर्दी वाढली, संडासाच्या टाक्या भरू लागल्या, आणि त्या उपसणारा टँकर गावाबाहेर लांब जाण्याऐवजी उजाडता उजाडता रस्त्यावरच्या उघड्या तोंडात नळी सोडू लागला. रस्त्यावर काही दिसत नसे. जिथे गटार खाडीला मिळतं तिथेच बायकांची तिसऱ्या काढायची वाळूची पट्टी, पुळण होती.

तिसरी पाणी गाळून जगते, पाण्यात जे असेल ते तिच्यात साठतं. किशोरी हे कॉलेजात शिकली होती. बाजारातल्या गिऱ्हाइकांना ते न शिकता कळलं. राधाबाईच्या तिसऱ्यांना वास येतो, असं एकदा एकीने म्हटलं आणि पाटी संध्याकाळी भरलेलीच घरी यायला लागली. घर त्या पुळणीवर चाललं होतं. किशोरीची बीएस्सीही त्यावरच झाली होती.

ती पंचायतीत गेली. ग्रामसेवकाने ऐकून घेतलं आणि खुर्ची मागे रेलली.

“टँकर आम्ही पाहिलेला नाही. आणि झाकणांचं म्हणाल तर ती तुमच्याच वाडीतले लोक चोरून भंगारात घालतात. नवीन बसवली तर तीही जातील. आधी चोर आणा, मग झाकणं मागा.”

हे वाडीत कळलं आणि बायकांचं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी सायकलवरून येणाऱ्या बाबली भंगारवाल्याला त्यांनी वडाखाली अडवलं आणि त्याचं पोतं रस्त्यावर ओतलं. रिकाम्या बाटल्या, एक जळका पंखा, पत्र्याचे डबे. झाकण नव्हतं. गडबडीत बाबलीचा तराजू मात्र मोडला.

“अगो, मणाचा झाकण मी सायकलीर कसा न्हेव? डोक्यार घेवन?” बाबली रडकुंडीला येऊन ओरडला.

किशोरीने त्याला तराजूची दांडी उचलून दिली आणि विचारात पडली. माणूस खरं बोलत होता. असं झाकण हलवायला दोन माणसं लागणार आणि ती ते फार लांब नेणार नाहीत. नेलेलं लोखंड जवळच कुठेतरी असणार.

ते अमावास्येच्या ओहोटीला सापडलं. पाणी नेहमीपेक्षा पुष्कळ मागे हटलं होतं आणि रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्या चिखलात कलंडल्या होत्या. किशोरीचा मामा, शिवा, रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. त्याच्या होडीची दोरी वाळूत शिरली होती तिथे तिने पायाने उकरून पाहिलं. गोल कड लागली. मग चौकडीची उठावदार नक्षी. झाकण उचलायच्या दोन भोकांतून दोरी ओवून नीट गाठ मारलेली. होड्या पाच, झाकणं पाच.

शिवा पुळणीवर जाळं सुकत घालत होता.

“मामा, होडयेचो नांगर खंय गेलो?”

“बगलंस? बरो आसा मां?” शिवा खूश झाला. “दगड वाळूत लोळता. ह्या कसा सपाट बसता, नि दोरयेक भोकांय आयती.”

“मामा, ती गटाराची झाकणां!”

“मगे काय ताटां? सरकारची वस्तू. सरकार म्हणजे कोण? आपणच. मी ती इकलंय काय?”

त्याला ती चोरी वाटतच नव्हती. समुद्रातून वाहून आलेला ओंडका ज्याला आधी दिसेल त्याचा, रापणीच्या दोरीला जो हात लावेल त्याला वाटा, असं त्याचं जग होतं. रस्त्यात पडलेलं सरकारी लोखंड त्याने त्याच हिशोबात धरलं. तेवढ्यात पाटी घेऊन राधाबाई येऊन पोचली. तिला सगळं दोन वाक्यांत कळलं.

“शिरा पडली तुझ्या तोंडार! तुझी होडी थाऱ्याक रवाक व्हयी म्हणान माझी पुळण मेली, रे शिवा!”

“बाय, टँकर काय मी आणलंय?”

“भोक तू उघडलंस.”

“आता नांगराक काय बांदू? तुझी पाटी?”

जाळ्यापाशी जमलेले पाच-सहाजण हसले. राधाबाई हसली नाही. तिने डोक्यावरची चुंबळ काढून कमरेला खोचली. “बरा. झाकणां परत येयसर आमच्यातली एकय बायल तुमच्या मासळयेक हात लावची नाय.”

रापण ओढायची पुरुषांनी, निवडून बाजारात न्यायची बायकांनी, ही तिथली रीत. दुसऱ्या सकाळी जाळ्यात बांगडा खच्चून आला आणि पुळणीवर एकही बाई उतरली नाही. पुरुषांनी थोडा वेळ वाट पाहिली. ऊन चढलं, कावळे जमले, कुत्रीही आली. शेवटी शिवाने स्वतः पाटी डोक्यावर घेतली. बाजारात म्हाताऱ्या गिऱ्हाइकिणींनी त्याला घेरलं आणि त्याने सांगितलेल्या प्रत्येक भावाला त्या इतक्या मोठ्याने हसल्या, की अर्धी पाटी फुकट वाटल्यासारखी देऊन तो परत आला. दिवस मावळायच्या आत पाचही झाकणं राधाबाईच्या अंगणात येऊन पडली. खालच्या बाजूला कालवं चिकटायला लागली होती.

झाकणं परत नुसती ठेवून भागणार नव्हतं. टँकरवाल्याजवळ पहार होती. म्हणून किशोरी होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मंगेशकडे कागदावर आकृती काढून गेली. बावीसही झाकणांच्या प्रत्येक भोकातून एक बोल्ट खाली सोडायचा, त्याच्या टोकाला आडवी जीभ. बोल्ट पाव फेरा फिरवला की जीभ चौकटीच्या कडेखाली सरकेल आणि झाकण अडकेल. बोल्टाचं डोकं भोकाच्या आतच राहील, बाहेरून पकडायला काही उरणार नाही. आणि त्या डोक्याला बाजू पाच.

“पाच कित्याक? चार कर, सा कर. पाच बाजूंचो बोल्ट खंयच्या पान्यात बसतलो?”

“खंयच्याच नाय. म्हणानच पाच.”

मंगेशने कागद फिरवून फिरवून पाहिला. चार किंवा सहा बाजूंत समोरासमोरच्या दोन बाजू समांतर असतात आणि पान्याचे दोन जबडे त्याच धरतात. पाचांत एका बाजूसमोर कोपरा येतो. तिने बोटांनी दाखवल्यावर तो मोठ्याने हसला. “मेल्या टँकरवाल्याचा तोंड बगूक व्हया!” त्याने खाऱ्या पाण्यात गंजू नयेत म्हणून होड्यांच्या पंख्यांच्या मोडक्या, न गंजणाऱ्या दांड्यांचे तुकडे कापले आणि एकेक डोकं कानशीने घासलं. चाव्या दोनच केल्या. एक किशोरीजवळ, एक राधाबाईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात.

बोल्ट बसवल्याला आठवडा झाला नाही तोच लॉजचा मॅनेजर रविराज ग्रामसेवकाला घेऊन भर सकाळी रस्त्यावर आला. मागे टँकर. ड्रायव्हरने भोकात पाने घालून पाहिले, मग पहार लावली. बिडाचा एक कपचा उडाला, झाकण हललं नाही. पुढच्या झाकणाकडे वळला तर त्यावर राधाबाई बसलेली.

“ही पंचायतीची मालमत्ता आहे,” ग्रामसेवक किशोरीला म्हणाला. “त्याला कुलूप लावायचा तुम्हाला अधिकार नाही. चावी द्या.”

“टाकी ओतायचा यांना आहे?”

“आम्हाला साफसफाईसाठी लागेल.”

“गाळ काढायला कधीही या. मी स्वतः उघडून देईन आणि बंद होईपर्यंत उभी राहीन. टँकरसाठी मिळणार नाही.”

रविराज पुढे झाला. “तुमच्या वाडीची पोरं माझ्याकडे कामाला आहेत, मॅडम. लॉज बंद पडला तर त्यांना तुम्ही पोसणार? हा टँकर मी रिकामा करू तरी कुठे?”

“तुझ्या न्हाणयेत,” राधाबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

ग्रामसेवकाने खिशातून पेन काढलं. “मी वर तक्रार करीन. नाव सांगा.”

“किशोरी शंकर तारी. चोर आणा म्हणाला होतात, तेही लिहा. चोर आमच्यातलाच निघाला आणि झाकणं आम्ही परत आणली. आमच्या बाजूचं झालं. आता तुमच्या बाजूचं कधी करता?”

रस्त्याच्या कडेला माणसं जमली होती. त्यांच्यातून शिवा पुढे आला, लुंगी गुडघ्यावर दुमडलेली, अंगाला वाळू.

“माझांय नाव घाला, साहेबानू. झाकणां मीच न्हेललंय. नि आता ही मीच राखतलंय.” मग तो ड्रायव्हरकडे वळला. “नळी गुंडाळ रे.”

ड्रायव्हरने रविराजकडे पाहिलं. रविराजने ग्रामसेवकाकडे. ग्रामसेवकाने पेनाला टोपण लावलं. नळी गुंडाळून होईपर्यंत राधाबाई झाकणावरून उठली नाही.

टँकर आणखी दोन सकाळी येऊन गेला. तिसऱ्या सकाळी तो रस्त्यावर न थांबता गावाबाहेर गेला आणि पुढेही तसाच जात राहिला. तक्रार झाली. तालुक्याहून एक माणूस आला, त्याने झाकणं पाहिली, चावी मागितली. किशोरीने झाकण उघडून दाखवलं, त्याच्यासमोर परत लावलं आणि चावी आपल्याच मुठीत ठेवली.

मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधीच्या अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला, किशोरीने बांबूची एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट घेऊन राधाबाईने मेलेल्या तिसऱ्यांची ओंजळ पुढे केली होती तिथेच, गटाराच्या मुखापाशी, दहा जागी वाळू चाळली. चौकटीमागे सरासरी जिवंत तिसऱ्या त्रेचाळीस, मेलेल्या दोन.