डाव्या कुशीचं बूच

नाक धरायचं असेल तर आत्ताच धरा, मित्रांनो. मी कृषी महाविद्यालयाच्या गोठ्यातली म्हातारी गाय आहे आणि माझ्या डाव्या कुशीला भोक आहे. भोकाला रबराचं बूच आहे. ते काढलं की माझ्या कोठीपोटात, म्हणजे आम्हा गाईंच्या सगळ्यात मोठ्या पोटात, माणसाचा हात खांद्यापर्यंत जातो. घाबरू नका, दुखत नाही.

मी तरुण होते तेव्हा डॉक्टरांनी भूल देऊन हे भोक पाडलं. चारा बारीक जाळीच्या पिशव्यांत भरायचा, दोरीला बांधून माझ्या पोटात सोडायचा, दुसऱ्या दिवशी ओढून काढायचा आणि किती पचला ते वजन करून पाहायचं. कुठला चारा गुरांना मानवतो हे माझ्या पोटाने ठरवलं. पाहुणे आले की मोठे सर मला अंगणात उभी करत. "ही आमची चालतीबोलती प्रयोगशाळा!" पाहुणे आत डोकावत आणि रुमाल नाकाला लावत. त्यांच्या तोंडाला सिगारेटचा वास यायचा, पण मी नाक मुरडलेलं कुणाला चाललं असतं?

विद्यार्थ्यांचं तर विचारूच नका. एक हात माझ्या पोटात आणि दुसऱ्या हातात बिस्कीट. शी!

त्यांच्यातला एक अत्तरवाला. गोठ्यात येण्याआधी आणि बाहेर पडल्यावर तो अंगावर फवारे मारून घ्यायचा. त्याची वर्गमैत्रीण उलटीताई. पहिल्याच दिवशी बूच उघडताच ती माझ्या खुरांवर ओकली आणि तिला ते नाव चिकटलं. वासाने तिचे डोळे भरून यायचे, पण माझी कूस कोमट पाण्याने पुसल्याशिवाय ती कधी गेली नाही.

अत्तरवाल्याचा प्रयोग चालू होता. एके दिवशी त्याने दोरी ओढली, तर एकच पिशवी वर आली. गाठ सुटली होती आणि बाकीच्या आतच राहिल्या होत्या. हात घालून चाचपलं असतं तर लगेच सापडल्या असत्या. पण अंगात नवा पांढरा शर्ट होता. त्याने दोन बोटांनी बूच बसवलं. तेवढ्यात मोठ्या सरांचा फोन आला.

"आल्या का सगळ्या?"

"आल्या की, सर."

मला त्याच क्षणी शिसारी आली. तुमच्यात कुणी लाजिरवाणं वागलं की 'शेण खाल्लं' म्हणतात. मित्रांनो, आम्ही शेण टाकतो, खात नाही.

वजनं त्याने मनाने ठोकून दिली. सर खूश झाले आणि प्रयोगाचा लेख छापायला गेला. इकडे पिशव्या कोठीपोटातून पुढच्या पोटात जायच्या तोंडाशी अडकल्या. माझं रवंथ थांबलं. चारा बघवेना. डॉक्टर अपचनाचं औषध देत राहिले, कारण त्यांना खरं कुणी सांगितलंच नाही. आणि मोठे सर? उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. गोठ्यात न येताच म्हणाले, "वय झालं तिचं. उद्या लिलावाच्या गाडीत चढवा."

उलटीताई रडत माझी कूस पुसायला आली. बूच काढलं आणि थबकली. "हा रोजचा वास नाही. आत काहीतरी अडकून कुजतंय." मग दारात उभ्या अत्तरवाल्याकडे वळली. "तू पिशव्या मोजल्या होत्यास ना रे?"

"मोजल्या की."

"माझ्याकडे बघून सांग."

त्याने खिशातून अत्तराची बाटली काढली.

तिने माझ्या कुशीला गाल टेकवून खांद्यापर्यंत हात घातला. मध्येच बाजूला होऊन ओकली, बाहीला तोंड पुसलं आणि पुन्हा हात घातला. एकेक करत सगळ्या बुळबुळीत पिशव्या बाहेर काढल्या.

आता मात्र मोठे सर धावत आले. "बरं झालं. हे इथेच मिटवा. लेख गेलाय."

"सर, लेख परत मागवा."

"चार आकड्यांनी काय आभाळ कोसळणारे? तुला पदवी माझ्याच हाताखाली घ्यायचीय, लक्षात आहे ना?"

"आहे. पण मग ह्या कुणाच्या पोटातून निघाल्या म्हणून सांगू?"

तिने पिशव्या घमेल्यात घातल्या आणि न धुता प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. लेख परत आला. तिला मार्गदर्शक बदलावा लागला आणि तिचं अख्खं वर्ष वाया गेलं. लिलावाची गाडी माझ्याविना गेली.

मी आता पुन्हा रवंथ करते, पण अत्तरवाला समोर आला की घास कडू होतो. मित्रांनो, तुमच्या अभ्यासासाठी मुक्या जनावराला उघडलंत, तर घाणीत हात घालायला कचरू नका. आणि काही चुकलं तर तोंड उघडा. माझ्या पोटात काय राहिलंय हे मला सांगता येत नाही. ते ठेवणाऱ्यालाच माहीत असतं.