राखेखालच्या मुंग्या

न्हाणीच्या दगडावर काळ्या मुंग्यांची रांग दिसली आणि मनकर्णाला आनंद झाला. हो, आनंदच! खोटं कशाला बोलायचं? वर्षभर ती ज्याची वाट पाहत होती, ते आपल्या पायांनी घरात चालून आलं होतं.

नणंद रुखमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना. आत्ताच ती न्हाणीत लघवीला जाऊन आली होती. आणि लघवीला मुंग्या कशाने लागतात, ते मनकर्णाला मागच्या उन्हाळ्यात, सत्त्याऐंशी साली, चंद्रपूरच्या डॉक्टरांकडून कळलं होतं.

त्याचं असं झालं, मनकर्णाची लेक विशाखा झटकन उभी राहिली की घेरी येऊन पडायची. तिची आजी बायनाबाई मोहल्लाभर सांगत फिरायची, "सुनेच्या पोटातच खोट हाये. पोरीले बाहेरचं लागलं." छप्पन साली घरातले देव नदीत सोडून दीक्षा घेतलेली ही बाई! पण नातीच्या अंगात भूत घालताना तिला काडीची लाज वाटली नाही.

डॉक्टरांनी विशाखाला झोपवलं, उभं केलं, लांब श्वास घ्यायला लावला, छातीला वायरी लावून कागदाची पट्टी काढली. "श्वास आत घेतला की ठोके जरा वाढतात, सोडला की मंदावतात," ते म्हणाले. "हिचे एकाच चालीने पडतात. उभं राहिल्यावरही वाढत नाहीत. हृदय चांगलं आहे, पण त्याला आवरणाऱ्या-सावरणाऱ्या नसा कच्च्या आहेत. ही पोटात असताना तुम्हाला साखरेचा आजार होता का? त्याने असं होऊ शकतं. लघवीला मुंग्या लागायच्या?"

मुंग्या! मनकर्णाला रोज सकाळी न्हाणीत चुलीतली राख टाकणारी सासू आठवली. सासऱ्याला साखर होती, पाय सडून गेला होता बिचारा. मुंग्यांचा अर्थ बायनाबाईला पक्का ठाऊक होता. नर्सबाईने लघवी तपासायची चिठ्ठीसुद्धा दिली होती. पण दिवस रोवण्याचे. सून दवाखान्यात पडली तर धान रोवायला चिखलात वाकायचं कोणी? चिठ्ठी चुलीत गेली, मुंग्यांवर राख पडली आणि सुनेच्या हातात गुळातले मोहाचे लाडू आले. पोरगी झाली साडेचार किलोची. धानाच्या काट्यावर तोलून बायनाबाईने तिला गावभर मिरवली होती.

आता बायनाबाईला मोतीबिंदू झाला होता. मुंग्या काही तिला दिसणार नव्हत्या. मनकर्णाने चुलीतली राख आणली आणि रांगेवर टाकली. भोग म्हणावं आता! तुझ्या लेकीच्या पोटचं पडू दे धाडकन अंगणात, मग बघू कोणाच्या पोटात खोट काढतेस.

दुसऱ्या दिवशीही तिने राख टाकली. बायनाबाई लेकीला लाडू भरवत होती. "भरवा, बाई, पोटभर भरवा," मनकर्णा म्हणाली. तिसऱ्या दिवशी राख टाकताना तर ती चक्क गुणगुणत होती.

चौथ्या दिवशी सकाळी लाडू घ्यायला विशाखा उठली आणि रुखमाच्या पायाशी कोसळली. भानावर आल्यावर आत्याच्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "आत्या, तुमचं बाळबी माह्यासारखं पडन का वं? मंग मी त्याले धरीन. मले कोणीच धरत नाई."

मनकर्णाच्या हातातून राखेचं टोपलं सुटलं. पण राग सुटला नाही. तिने सासूचं मनगट धरलं, तिला ओढत न्हाणीत नेलं आणि तिचा हात दगडावर, थेट मुंग्यांत दाबला.

"अवं माय! काय करून राह्यली तू?"

"डोये गेले, पण कातडं तं हाये ना? ओयखा! ह्या रुखमाच्या मुंग्या हायेत. माह्या वक्ताले ओयखल्या होत्या, मंग आता काऊन नाई?"

बायनाबाईच्या बोटांवर मुंग्या चढल्या. तिने हात मागे घेतला नाही.

"आताच्या एसटीनं रुखमाले चंद्रपूरले नेतो. तुम्हीबी चाला. तिथी लेकीच्या तोंडावर सांगा, काय केलं होतं ते."

डॉक्टरांनी रुखमाची लघवी तपासली. साखर होती, पण हाती अजून दोन महिने होते. पथ्य आणि इंजेक्शनं घेतली तर बाळाला पुष्कळ जपता येईल, म्हणाले. बाहेरच्या बाकावर सगळ्या बसल्या, सोबत आणलेली विशाखा टोकाला. बायनाबाई खाली मान घालून बोलली, "मनकर्णाच्या वक्ताले मले दिसल्या होत्या. मी राख टाकली. चिठ्ठी चुलीत जायली."

रुखमाने आईच्या हातातला आपला हात काढून घेतला. मनकर्णाने ते डोळे भरून पाहिलं. वर्षभर हेच तर हवं होतं तिला!

रुखमा तिच्याकडे सरकली. "वैनी, तू होती म्हनून वाचली मी. तुले कवा दिसल्या वं?"

'आज सकाळी' म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण पलीकडे सासू बसली होती, सुजलेला हात मांडीवर घेऊन.

"चार दिवस झाले," मनकर्णा म्हणाली. "तीन दिवस मीबी राख टाकली."

रुखमा उठली, दोघींच्या मधून निघून बाकाच्या टोकाला गेली आणि विशाखाला घट्ट धरून बसली.