जाहिरातींसकट

"मला जाहिराती परत पाहिजेत," आमचे हे फोनवर म्हणाले.

पलीकडे टीव्हीच्या प्लॅनवाल्या कंपनीतली मुलगी होती. फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारी गिऱ्हाइकाच्या पँटला रफू करत बसले होते, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"म्हणजे सर, तुम्हाला जाहिराती दिसतायत, अशी तक्रार आहे का?"

"दिसत नाहीत, अशी तक्रार आहे."

"पण सर, तुमचा प्लॅनच जाहिरातींशिवायचा आहे."

"तेच तर म्हणतोय मी."

तिनं गाणं लावून दिलं. गाणं संपल्यावर एक साहेब आले. त्यांनी ह्यांना आधी समजावलं, मग गळ घातली, शेवटी म्हणाले, तीन महिने आमच्याकडून फुकट देतो, पण तुम्ही जाहिराती नका बघू. फुकट म्हटल्यावर ह्यांचा चेहरा जरा ढिला पडला. मी सुईचं बोथट टोक ह्यांच्या दंडाला टोचलं.

"नको. आम्हाला जाहिरातींसकटचाच द्या," हे म्हणाले.

"ठीक आहे सर. आता मोबाइलवर सहा आकडी ओटीपी आला असेल, तो सांगा."

"काही आलेलं नाही."

"पाठवलाय सर. शेवटी चाळीस आहे त्या नंबरवर."

शेवटी चाळीस म्हणजे आमच्या लेकीचा नंबर. तापलेली इस्त्री हाताला लागावी तसा ह्यांनी फोन खाली ठेवला. दोन मिनिटांत लेकीचा ऑफिसातून फोन. "बाबा, मला टीव्हीचा ओटीपी आलाय. कुणीतरी फसवायला बघतंय. कुणाचाही फोन आला तरी काही बोलू नका हं."

"मी कशाला बोलतोय," हे म्हणाले.

आता एवढा खटाटोप कशासाठी, तर तीन सेकंदांसाठी.

आमचे हे लाँड्रीत इस्त्री करतात. तीस वर्षं झाली. दोन महिन्यांपूर्वी तिथे एका डोकेदुखीच्या बामची जाहिरात करणारी मंडळी आली. वाफेत उभ्या माणसाचं डोकं दुखतं, तो बाम लावतो आणि "आता बरं वाटतं" म्हणतो, एवढंच तीन सेकंदांचं काम. मालकांनी ह्यांना पुढे केलं. एकच शर्ट ह्यांनी तेवीस वेळा इस्त्री केला. दर वेळी तो परत चुरगळायला लागायचा, आणि ते काही ह्यांच्या हातून होईना. इस्त्री केलेला शर्ट हातानं चुरगळायचा म्हणजे ह्यांना पापच. शेवटी चुरगळायला त्यांनी वेगळा माणूस ठेवला आणि तेवढा वेळ हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मग त्या मंडळींचा निरोप आला. जाहिरात सुरू झाली, या महिनाअखेरपर्यंत चालेल, पण फक्त ऑनलाइन. म्हणजे जे पैसे भरत नाहीत, फुकट बघतात, त्यांनाच दिसणार. आणि त्याच्या बरोबर आठ दिवस आधी लेकीनं पहिल्या पगारातून आमच्या टीव्हीला जाहिरातींशिवायचा वर्षाचा प्लॅन घेऊन दिला होता. "आई, बाबा, आयुष्यभर जाहिराती बघितल्यात तुम्ही. आता सुखानं मालिका बघा," असं म्हणाली होती. आम्ही दोघंही हरखून गेलो होतो. तेव्हा काय माहीत.

तुम्ही म्हणाल, लेकीला सरळ सांगायचं. मीही हेच म्हटलं. पण ह्यांचा एक कान मध्ये आला.

झालं असं होतं की लाँड्रीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा पेपरवाला फोटो काढून गेला. ह्यांनी सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलं, उद्या मी पेपरात येणार. दुसऱ्या दिवशी पेपरात मालक आले, मालकांची बायको आली, हँगरला लावलेला एक कोट आला आणि कोटाच्या मागून ह्यांचा डावा कान आला. पुढचे सहा महिने जिन्यात जो भेटेल तो ह्यांच्या कानाची चौकशी करायचा. त्या दिवसापासून ह्यांनी कानाला खडा लावला की डोळ्यांनी बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

आणि दुसरं एक कारण होतं. ते ह्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण मला माहीत होतं. नोकरी लागल्यावर लेक एकदा ऑफिसातल्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. तिनं विचारलं असावं, बाबा काय करतात म्हणून. लेक म्हणाली, "गारमेंट लाइनमध्ये आहेत." हे दारातच चपला काढत होते. त्यांनी ऐकलं. नंतर दोन दिवस घरात गंमत करत होते, कुठे निघालात म्हटलं की "लाइनमध्ये" म्हणायचे. मी हसले, लेकही ओशाळून हसली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या शर्टाला ह्यांनी दोनदा इस्त्री केली, आणि दुसऱ्यांदा करायची काही गरज नव्हती. मला फार वाईट वाटलं होतं. पोरीचाही राग आला होता आणि तिची कीवही आली होती.

तर ओटीपीनं घात केल्यावर आम्ही सिस्टरकडे जायला लागलो. सिस्टर म्हणजे खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई. एकट्या राहतात, तोंडानं फटकळ आहेत आणि टीव्ही फुकटातला बघतात. लेक आठला घरी यायची, म्हणून आम्ही सहा ते साडेसात त्यांच्याकडे बसायचो. त्यांना खरं सांगायचं नाही, असं ह्यांनी मला बजावलं होतं.

तिथे ह्यांचं वागणं बघण्यासारखं होतं. जगातली माणसं जाहिरात लागली की पाणी प्यायला उठतात, हे मालिका सुरू झाली की उठायचे. नायिका रडत असली की हे गॅलरीत. जाहिरातीचं संगीत कानावर पडलं की धावत येऊन खुर्चीच्या टोकावर. गुडघ्याचं तेल, कर्ज, गाद्या, परत गुडघ्याचं तेल. बाम काही येईना.

"अहो, तुमचे गुडघे दुखतात का?" चौथ्या दिवशी सिस्टरनी विचारलं. "तेलाची जाहिरात इतकी मन लावून बघता म्हणून म्हटलं."

"नाही हो. सहज."

"सहज कुणी जाहिरात बघत नाही. वहिनी, ह्यांना एकदा डॉक्टरला दाखवून घ्या."

सिस्टरच्या मनात मात्र भलतंच शिजत होतं. सहाव्या दिवशी त्यांनी लेकीला जिन्यातच गाठलं. म्हणाल्या, पोरी, कमवायला लागलीस ना तू, मग आईबापांना रोज माझ्या दारात टीव्ही बघायला का यावं लागतं? एवढी काटकसर बरी नव्हे.

लेक घरात आली ती पर्ससुद्धा न ठेवता उभी राहिली.

"बाबा, माझे पैसे तुम्हाला चालत नाहीत का?"

हे म्हणाले, "तसं कुठे काय. सिस्टरला जरा सोबत."

"सहा दिवस सोबत? आणि त्या मलाच कंजूष समजतायत. पहिल्या पगारातून घेतलं होतं मी. तुम्हाला नको होतं तर तसं सांगायचं."

तिचे डोळे भरले तशी मी रफूचं काम बाजूला ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. बाम, तेवीस वेळा इस्त्री, ओटीपी, महिनाअखेर. हे माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी भर चौकात त्यांचे कपडे वाळत घातले.

लेक पर्स घेऊन तशीच खाली बसली. "मला का नाही सांगितलंत?"

"परत कानच आला असता तर?" हे म्हणाले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "म्हटलं, टीव्हीवर एकदा दिसली की इस्त्री सांगायला बरी पडते. ऑफिसात वगैरे."

लेकीचा चेहरा मला बघवेना. तिनं फोन काढला आणि प्लॅन बदलायला लागली. कंपनीनं तिला तीनदा विचारलं, नक्की का, अगदी नक्की का, तुम्हाला आता जाहिराती दिसतील हे माहीत आहे का. तिनं तीनदा हो केलं.

महिना संपायला तीन दिवस उरले होते.

पहिल्या संध्याकाळी फक्त गाद्या. दुसऱ्या संध्याकाळी लेक ऑफिसातून लवकर आली, हातात रिमोट घेऊन बसली. गुडघ्याचं तेल झालं, कर्ज झालं. मग एक ड्रायव्हर आला, कपाळ धरून. ह्यांनी माझा हात घट्ट धरला. "हीच. हीच ती. आधी ड्रायव्हर, मग शिक्षिका, मग मी."

ड्रायव्हर गेला, शिक्षिका फळ्यापाशी उभी राहिली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात 'जाहिरात वगळा' असं आलं. लेकीच्या अंगठ्यानं ती वगळली.

मुद्दाम नव्हे हो. सवय. ती एकटक बघत होती, डोळ्यांत पाणीसुद्धा जमा झालं होतं, पण अंगठ्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मालिकेची नायिका समोर आली.

"बाबा," लेक रडकुंडीला येऊन म्हणाली.

"असू दे. अंगठा चांगला चालतो तुझा," हे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या, रिमोट कपाटावर. लेक हातांची घडी घालून बसली, दोन्ही अंगठे आत. नायिकेचं लग्न मोडलं, परत जुळलं, परत मोडलं. सव्वासातला ड्रायव्हर आला. शिक्षिका आली. कोपऱ्यात 'वगळा' आलं, कुणी हललं नाही. मग वाफ आली, आणि वाफेत एक शर्ट. शर्टाच्या कॉलरवरून दोन हात इस्त्री फिरवत होते, उजव्या मनगटावर भाजल्याची जुनी खूण. मग चेहरा आला. गोरापान, धारदार नाकाचा, तिशीतला. तो भारदस्त आवाजात म्हणाला, "आता बरं वाटतं."

झालं. गाद्या सुरू झाल्या.

"तोंड दुसऱ्याचं लावलंय," हे म्हणाले. "आवाजही." आणि पाणी प्यायला उठून स्वयंपाकघरात गेले. आता मालिका सुरू नव्हती, तरी गेले.

मला त्या धारदार नाकाला एक ठोसा द्यावासा वाटला.

"हात तुमचेच आहेत," लेक मोठ्यानं म्हणाली.

"हात काय, कुणाचेही असतात," आतून आवाज आला.

"नाही. तुम्ही कॉलर टोकाकडून मध्ये घेता आणि मग खालून बोटानं चाचपता. माझ्या युनिफॉर्मचीसुद्धा तशीच घ्यायचात. मी बघायचे रोज."

आत नळ सुरू झाला. लेकीनं फोन उचलला आणि त्याच मैत्रिणीला लावला. "अगं, ती बामची जाहिरात बघितलीस का? त्यात शेवटी इस्त्रीवाला आहे. तोंड नाही गं, तोंड दुसऱ्याचं आहे. हात. ते माझे बाबा. नाही, अ‍ॅक्टर कसले. लाँड्रीत इस्त्री करतात. हो, इस्त्री. तीस वर्षं." मैत्रिणीनं काहीतरी विचारलं असावं. "तुला नाही दिसणार. तू पैसे भरतेस ना."

स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ चालू राहिला. एरवी कुणाच्या हातून थेंबभर पाणी वाया गेलं तरी हा माणूस ओरडतो. मी बंद करायला गेले नाही. लेकीलाही मी हातानंच बस म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहिली तारीख. बामची जाहिरात बंद झाली. सिस्टरना कळलं तेव्हा म्हणाल्या, आधी सांगितलं असतंत तर मी ह्यांच्यासाठी गुडघ्याचं तेल तरी कशाला मागवलं असतं.

सकाळी हे नेहमीसारखे टेबलापाशी लेकीचा शर्ट घेऊन उभे होते. रोज ती घाईघाईत येते, एका हातात पोळणारी चहाची कपबशी, दुसऱ्या हातानं गरम शर्ट ओढून घेते आणि पळते. आज ती आली, कपबशी खाली ठेवली आणि टेबलाच्या कडेला टेकून उभी राहिली. ह्यांनी पाणी शिंपडलं. कॉलरचं एक टोक मध्ये घेतलं, मग दुसरं. खालून बोटानं चाचपलं. ती बघत होती. हे मान वर करत नव्हते, पण हात जरा हळू चालले होते.

खिडकीतून मला तिची बस येताना दिसली, थांबताना दिसली आणि जाताना दिसली.

"गेली ना तुझी बस," मी म्हटलं.

"जाऊ दे," लेक म्हणाली. "बाह्या राहिल्यात अजून."