शीळफाट्यावर अडकलेलं ऊन

आता मी जे सांगणार आहे ते कुणालाही खरं वाटणार नाही. एकतीस वर्षं मी खोपटच्या एसटी डेपोत कंडक्टर होतो, लाखो माणसांना तिकिटं फाडून दिली, पण त्यातल्या एकालाही हे पटायचं नाही. मी चक्क ऊन अडवून धरलं होतं. शीळफाट्यावर. दोन तास दहा मिनिटं.

एवढं म्हणून मी थांबलो. समोर सोफ्यावर बसलेल्या चित्राताईंनी चहाचा कप खाली ठेवला. चित्राताई म्हणजे आमच्या नातीची, समीक्षाची, होणारी सासू. नौपाड्यातल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलणं अगदी नीटनेटकं. लग्नाला सहा दिवस राहिले होते आणि रुखवताला टेबल केवढं लागेल ते विचारायला त्या बाळकुमला आमच्या घरी आल्या होत्या. एप्रिल संपत आलेला, आणि बाईंच्या अंगावर शाल! दोन दिवस पाऊस आणि असा गारठा, की आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी माळ्यावर टाकलेल्या गोधड्या परत खाली काढल्या. समीक्षा टोपीवाला स्वेटर घालून माझ्या शेजारी बसली होती. आणि माझी बायको रंगूबाई, मनगटाला क्रेप बँडेज बांधून, स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसलेली. तिच्यापुढं मी नुकताच आणून ठेवलेला पत्र्याचा डबा. डब्यात एक्कावन्न कुरडया. खडखडीत वाळलेल्या.

"काका, पण ऊन अडवतात कसं?" चित्राताईंनी विचारलं.

"मुळापासून सांगायला लागेल."

"आबा, शॉर्टमध्ये," समीक्षा म्हणाली.

शॉर्टमध्ये सांगायला मी काय बातम्या देतोय?

मुळापासून म्हणजे माझ्या लग्नापासून. जुन्नरकडं आमच्या गावी लग्न झालं तेव्हा रंगूच्या माहेरी फार ओढगस्त. रुखवतात मांडायला तिच्या आईनं शेजारणीच्या कुरडया मागून आणल्या होत्या. लग्न उरकलं, आणि शेजारीण त्या परत न्यायला आली ती नेमकी माझ्या आईच्या देखत. झालं! पुढं तीस वर्षं आमच्या घरात कढईत कुरडई पडली, की माझी आई विचारायची, "आपल्याच आहेत ना गं, का द्यायच्यात परत?" रंगू हसायची नाही आणि रडायचीही नाही. तिनं फक्त ठरवून टाकलं, की तिच्या घरातल्या मुलीच्या रुखवतात कुरडई मांडली जाईल ती तिच्या स्वतःच्या हातची. आम्हाला मुलगा झाला, मुलगी नाही. म्हणून ते ठरवणं नातीपर्यंत येऊन थांबलं होतं.

"आजी, ऑनलाइन मस्त मिळतात," समीक्षानं मागच्या महिन्यात सांगून पाहिलं.

"मागव ना. तुझ्या रुखवतात मग तुझा फोन मांडू," रंगू म्हणाली. विषय संपला. डॉक्टरांनी मनगट हलवू नका म्हणून बजावलं होतं, तो विषयही तिनं असाच संपवला.

गहू भिजत घातले. तीन दिवस रोज पाणी बदललं. समीक्षाचा फोन सांगत होता, की पाऊस येणार. मी म्हणालो, एप्रिलात कसला पाऊस? हा फोन चीनमध्ये बनलाय, तो तिकडचं सांगत असेल. आमच्या घरात कुरडया घालायच्या त्या मुलांच्या परीक्षा संपल्या की, आभाळ बघून नव्हे. चूक म्हणाल तर ती एवढीच.

चौथ्या दिवशी पहाटे रंगूनं चीक शिजवला. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडं, हरिहर त्यांचं नाव. गच्चीवर वाळवण घालायला बंदी, असा त्यांनीच फलक लावलाय. मी त्यांच्याकडं वाटीभर गरम चीक, दूध आणि साखर घेऊन गेलो. त्यांनी वाटी रिकामी केली, किल्ली दिली, आणि "मी काही बघितलेलं नाही" म्हणून दार लावून घेतलं. जुन्या साड्या पसरून रंगूनं एक्कावन्न कुरडया घातल्या. शेवटच्या दहा घालताना ओठ दाताखाली धरलेला, पण सोऱ्या मला दिला नाही.

"मी घातल्या असत्या की," मी म्हणालो होतो.

"तुमच्या कुरडया गोल होत नाहीत, जिलब्या होतात."

साडेदहाला खाडीकडून वारा सुटला. असा गार, की पाण्याच्या टाकीवर बसलेल्या कावळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

"आबा!"

मिठ्या नाही तर नाही, जवळ तरी सरकले. आणि मग जो धो धो कोसळला! साड्यांची चार टोकं धरून आम्ही ओल्या कुरडया खाली आणल्या, रात्रभर पंख्याखाली ठेवल्या. पंख्यानं काय होतंय? कुरडयांनाच थंडी वाजायला लागली. आज सकाळी रंगूनं एक उचलून वास घेतला.

"संध्याकाळपर्यंत ऊन लागलं नाही तर आंबतील," ती म्हणाली. "ऊन जिथं असेल तिथं घेऊन जा."

"अगं, कुठं शोधू?"

"एकतीस वर्षं लोकांना जिथं जायचं तिथं सोडलंत ना? आता ह्यांना सोडा."

मला हुकूम झाला. मी काळुरामला हाक मारली. काळुराम म्हणजे बाळकुम गाव होतं तेव्हापासूनचा इथला माणूस, स्वतःचा उघडा टेम्पो चालवतो. टेम्पोत दोन फोल्डिंगच्या खाटा, खाटांवर साड्या, साड्यांवर कुरडया, वरून प्लॅस्टिक. मी मागं उभा, गळ्यात माझी जुनी शिट्टी.

"चल रं काका," काळुराम म्हणाला. "पण जायचं कुठं?"

"ऊन दिसेल तिथं थांब."

माजिवड्याला ऊन नाही. खारेगावला नाही. मुंब्रा बायपासवर चढलो तर डोंगरावरून ढग खाली उतरत होता, आणि तो सरळ आमच्या मागं लागला. खोटं सांगत नाही, चित्राताई, काळुरामनं डावीकडं घेतलं की ढगही डावीकडं! शेवटी मी त्याला हात दाखवून ओरडलो, "गाडी फुल्ल आहे! मागची बघ!"

चित्राताईंना हसू आलं. रंगूबाईनं मात्र डब्याचं झाकण काढलं होतं. तिच्याकडं न बघता मी पुढं निघालो.

शीळफाट्याला आलो आणि बघतो तर काय, चौकाच्या अलीकडं, आपल्या ह्या हॉलच्या दुप्पट एवढा, उन्हाचा एक चौकोन. पिवळाधमक. आजूबाजूला सगळा काळोख आणि मधे हा तुकडा डांबरावर पडलेला. आता ऊन काही एका जागी थांबत नाही, ते ढगांबरोबर पुढं सरकतं. पण तो शीळफाटा होता! कंटेनर, डंपर, कल्याणच्या बसेस, नवी मुंबईच्या गाड्या, चारी बाजूंनी असं घट्ट झालं होतं, की उन्हाला पुढं सरकायला जागाच नव्हती. पुढं सिमेंटचा ट्रक, मागं दुधाची गाडी. ऊन अडकलं! आणि आमचा पाठलाग करणारा ढग? तो मागं बायपासला अडकला. हॉर्न वाजवत होता.

"ढग हॉर्न वाजवत होता," चित्राताई सावकाश म्हणाल्या.

"तुम्ही त्याला गडगडाट म्हणा."

काळुरामनं टेम्पो बरोबर त्या चौकोनात घुसवला. मी प्लॅस्टिक काढलं. वाफा निघाल्या हो कुरडयांतून! पण थंडीनं कुडकुडणारे लोक गाड्यांतून उतरायला लागले. पहिल्यांदा एक आजोबा कानटोपी घालून आले. मग बाळाला घेऊन एक बाई. मग एक उसाचा रसवाला, बिचाऱ्याकडं सकाळपासून कुणी फिरकलं नव्हतं, चरकाचं इंजिन चालू करून त्यावर हात शेकत बसला होता. मग बसमधले पन्नास जण. सगळ्यांना ऊन पाहिजे, आणि प्रत्येकाची सावली माझ्या कुरडयांवर! मी शिट्टी मारली.

"लाइन लावा! एकाला तीन मिनिटं! पोट आधी, मग पाठ! चला, ताई, शेकून झालं असेल तर उतरून घ्या! कुरडयांवर सावली पाडणाऱ्याला खाली उतरवण्यात येईल!"

"आणि ऐकलं लोकांनी?" समीक्षा.

"बाळा, शिट्टी ऐकली की माणूस आधी पुढं सरकतो, मग विचार करतो."

एक साहेब आले, मोठ्या गाडीतून. म्हणाले, "आजोबा, ह्या तळणाच्या वस्तूपायी तुम्ही माणसांना सावलीत उभं करताय?" मी म्हणालो, "साहेब, माणूस ओला असला तर उद्या वाळेल. ही आज वाळली नाही तर कधीच नाही. आणि ही वस्तू नाही, हे माझ्या बायकोचं मनगट आहे." साहेब स्वतःच पलीकडच्या बाजूला जाऊन लोकांना म्हणायला लागले, "मागे व्हा, मागे व्हा, कुरडया वाळतायत."

चित्राताईंनी शाल सारखी केली. तिकडं दारात रंगूबाईनं डब्यातली एक कुरडई काढून फरशीवर ठेवली होती. मग दुसरी. मग तिसरी.

"मग ट्रॅफिक सुटलं असेल," चित्राताई म्हणाल्या.

सुटलं ना, तीच तर पंचाईत! दोन तास दहा मिनिटांनी सिमेंटचा ट्रक हलला, आणि ऊनही सुटलं. मानपाड्याकडं पळालं. कुरडया वरून वाळलेल्या, पण मधे अजून ओल. मी टेम्पोच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, डबल बेल! काळुरामनं असा पळवला, असा पळवला! उन्हाची शेपूट आमच्या बोनेटपुढं हातभर अंतरावर. डोंबिवलीत शिरलो. लोक स्वेटर घालून आइस्क्रीमच्या दुकानात चहा पीत होते, आइस्क्रीमवाल्यानंच ठेवला होता उकळत. तिथं ऊन एका गल्लीत शिरलं, आम्ही मागोमाग. गल्ली अरुंद, उन्हाला पलीकडून बाहेर पडायला वाट नाही. तिथं सापडलं ते! तिथं उरलेली ओल गेली, आणि मी कुरडया डब्यात भरल्या.

"आबा, दीड वाजल्यापासून चार वाजेपर्यंत तुमचा फोन बंद होता," समीक्षा म्हणाली. "मी सात कॉल केले."

"उन्हात ठेवला होता. तापला."

"थंडीत?"

"तू मधे बोलू नकोस, मला कल्याणला जायचंय अजून."

तर कल्याणला, दुर्गाडीच्या खाली, ढगानं आम्हाला गाठलंच. गारा! एकेक गार लिंबाएवढी. मी डबा पोटाशी धरून टेम्पोत पालथा पडलो. पाठीवर गारा आदळतायत, मी मोजतोय, एकशे अकरा, एकशे बारा. काळुराम ओरडतोय, "काका, सोड तो डबा, जीव वाचव!" आणि मी ओरडतोय, "जीव परत मिळेल, कुरडया..."

"अहो."

रंगूबाईचा आवाज मोठा नव्हता. तरी मी थांबलो. तिच्यापुढं फरशीवर कुरडयांच्या ओळी लागल्या होत्या. तिनं त्यातली एक उचलली, उभी राहिली, आणि थेट चित्राताईंपुढं येऊन ती ट्यूबलाइटसमोर धरली. बारीक, पांढरीशुभ्र, एकसारखी. माझ्या मते सुरेखच होती.

"विहीणबाई, हा वेढा बघा. कुठून कुठं फिरलाय?"

चित्राताईंनी चष्मा वर केला. "डावीकडून... उजवीकडे."

"मी डावरी आहे," रंगूबाई म्हणाली. "माझा हात उलटा फिरतो. ह्या एक्कावन्नच्या एक्कावन्न कुणातरी उजव्या हाताच्या बाईच्या आहेत." मग ती माझ्याकडं वळली. "खोटं बोलताय तुम्ही. ऊन नाही अन् फाटा नाही, डोंबिवलीच्या दुकानातून आणल्यात ह्या. माझ्या कुठं भिजवल्यात ते उद्या सांगा. आत्ता उठा, पायलीभर गहू काढा आणि निवडायला बसा. सहा दिवस आहेत अजून."