बेटाचं नाव आणि सासऱ्यांची पणजी

धक्क्यावर नवा फलक लागायचा होता. बेटाचं नाव कशावरून पडलं ते त्यावर चार ओळींत लिहायचं काम दप्तरखान्यातल्या सुनेकडे आलं आणि तिथेच घोडं अडलं. तिचे सासरे फेरीबोटीचे तांडेल. तीस वर्षं ते प्रवाशांना छाती फुगवून सांगत आले होते, की बेटाचं नाव त्यांच्या पणजीवरून पडलं. भर वादळात एकटी होडी वल्हवत तिने म्हणे सुईण आणली होती.

सुनेने जुने नकाशे काढले. नावाचं जे रूप सापडेल ते सालासकट एका कार्डावर, अशी अकरा कार्डं झाली. कारकुनांच्या पिढ्यांनी नाव झिजवून निम्मं केलेलं. सर्वांत जुनं कार्ड चारशे वर्षांपूर्वीचं. त्यावर खलाशांच्या लुप्त बोलीतले दोन शब्द होते. त्यांचा अर्थ, म्हातारी आणि पाठ.

"म्हातारी म्हणजे आमची पणजीच की!" जेवताना सासरे खूश.

"बाबा, पणजींचा जन्म व्हायला तेव्हा अडीचशे वर्षं होती."

घास हातातच राहिला. "म्हणजे तीस वर्षं मी थापा मारल्या?"

"मला लग्नाआधी मारलेली धरली, तर चाळीस," सासूबाई म्हणाल्या.

दोन दिवस फलक कोराच राहिला. खोटं लिहायला सुनेचा हात धजेना आणि खरं लिहिलं तर सासऱ्यांची धक्क्यावरची पत जाणार. तिसऱ्या दिवशी सासरेच गुरगुरले, "मी रोज त्या टेकडीसमोरून बोट नेतो. मला कशी नाही दिसली म्हातारीची पाठ?"

"आपण पूर्वेकडून जातो. जुनी गलबतं पश्चिमेकडून यायची आणि खलाशी समुद्रातून दिसेल तसं नाव ठेवायचे."

सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन त्यांनी बोट पलीकडे वळवली. टेकडीला पोक आलेलं, मान खाली, वर खडकाचा अंबाडासुद्धा! त्यांनी इंजिन बंद केलं.

"लिही तुझं. फक्त मी खोटारडा होतो असं लिहू नकोस."

"फलकावर तुमचा उल्लेखच नाही, बाबा."

"का नाही?" ते उखडलेच.

आता ते रोज बोट वळसा घालून पश्चिमेकडून नेतात. "ही म्हातारी आमची कोणी नाही," हे जरा पडल्या आवाजात. मग एकदम आवाज चढवून, "शोधली मात्र आमच्या सुनेने!"

कामावर उशीर होतो म्हणून पहिल्याच आठवड्यात प्रवाशांच्या सहा तक्रारी आल्या.